लष्कराच्या रॉकेलवर चालणारा फ्युएल सेल: घोडं नेमकं कुठे अडतं?

पारिजात

नमस्कार मंडळी,

हायड्रोजनच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की फ्युएल सेल (इंधन न जाळता त्यातून थेट वीज काढणारं यंत्र) म्हटलं की हायड्रोजनची टाकी आली, आणि टाकी आली म्हणजे ते लष्कराच्या उपयोगाचं नाही. तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते इतकं वाढत गेलं की वेगळा धागा काढते आहे. मी रसायन अभियंता. पीएचडीची पाच वर्षं अमेरिकेत डिझेल आणि जेट इंधनाचा रिफॉर्मर (इंधनातून हायड्रोजन काढणारी भट्टी) चालवण्यात गेली, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. थोडं सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८८ मध्ये एक धोरण ठरवलं: रणभूमीवर शक्यतो एकच इंधन. ट्रक, रणगाडा, हेलिकॉप्टर, जनित्र, तंबूतला हीटर, सगळ्यांना जेपी-८. नाटोच्या भाषेत एफ-३४. नाव भारदस्त असलं तरी मुळात हे नागरी विमानांचं जेट ए-१च. त्यात पाण्याचा बर्फ होऊ नये म्हणून एक, गंज रोखून वंगण द्यायला एक आणि स्थिर वीज साचू नये म्हणून एक, अशी तीन द्रव्यं मिसळलेली. आणि जेट ए-१ म्हणजे आपलं शुद्ध केलेलं रॉकेल. एकच इंधन असलं की एकच टँकर, एकच पंप, एकच नळी. चुकून भलतं इंधन भरण्याची भीती नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या डिफेन्स सायन्स बोर्डाच्या २००८ च्या अहवालात लष्कराच्या जनित्रांचा इंधनाचा खप दिला आहे: शांततेच्या काळात वर्षाला सुमारे २.६ कोटी गॅलन, युद्धकाळात सुमारे ३५.७ कोटी. युद्धात सगळ्यात जास्त तेल रणगाडे पीत नाहीत, हेलिकॉप्टरंही नाहीत, छावणीत घरघरणारी जनित्रं पितात. २००९ मध्ये अमेरिकी सैन्याच्याच एका अभ्यासाने त्याची दुसरी किंमत मांडली. अफगाणिस्तानात इंधनाच्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस मेला किंवा जखमी झाला होता. हा आकडा मी प्रयोगशाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवला होता, पाच वर्षं पुसला नाही.

म्हणून फ्युएल सेल. त्यात ज्वलन नाही, दट्ट्या नाही, इंधनाच्या रासायनिक ऊर्जेची थेट वीज. आवाज फक्त पंप-पंख्यांचा. आणि कमी लोडवर कार्यक्षमता फारशी घसरत नाही. छावणीतलं जनित्र दिवसाचा बराचसा वेळ कमी लोडवरच चालतं, तेव्हा हा गुण मोलाचा.

मग अडतं कुठे? सेलला हवा असतो हायड्रोजन, आणि आपल्या हातात असतं रॉकेल, म्हणजे दहा-बारा कार्बनच्या लांब साखळ्या. त्या तोडून हायड्रोजन मोकळा करणारी भट्टी म्हणजे रिफॉर्मर. सगळा जीव तिथे अडकतो.

ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना एका वाक्यात कळेल. स्टोव्हच्या तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि बारीक भोकातून बाहेर पडते. नळी जास्त तापली की आत काजळी धरते, भोक बुजतं, आणि आई पिन मारायला बसते. रिफॉर्मरमध्ये नेमकं हेच होतं, ८००-९०० अंशांना, आणि तिथे पिन मारता येत नाही.

माझी पहिली भट्टी, म्हणजे बोटभर जाडीची क्वार्ट्झची नळी, चाळिसाव्या तासाला तुंबली. दाब चढत गेला, मी रात्री अडीचला ती बंद केली. सकाळी नळी फोडून उत्प्रेरक काढला, तर पांढरे-करडे दाणे एकमेकांना चिकटून काळा ठोकळा झालेला, करपलेल्या दुधाच्या पातेल्याच्या बुडासारखा. चिमट्याने दाबला की भुगा व्हायचा. चूक माझी होती. रॉकेलची फवारणी नीट होत नव्हती, एका बाजूला थेंब पडत होते आणि तिथूनच काजळीची सुरुवात झाली होती.

पण काजळीवर उपाय आहेत. वाफ जास्त द्या, हवा जास्त द्या, मिश्रण नीट करा. खरा शत्रू गंधक. जेपी-८ मध्ये वजनाने दहा लाखांत ३,००० भागांपर्यंत गंधक चालतं. आणि रिफॉर्मरमधलं किंवा सेलच्या धनाग्रावरचं निकेल (हो, वीज देणाऱ्या सेलमध्ये इंधनाची बाजू धनाग्र मानतात) दहा लाखांत दोन-चार भाग गंधकानेही मान टाकायला लागतं. हे अंतर कापणं हाच या विषयाचा गाभा आहे. प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

बोरूबहाद्दर

वाखूसा (वाचनखूण साठवली). स्टोव्हच्या उदाहरणाने एकदम डोक्यात प्रकाश पडला. एक बाळबोध प्रश्न: एवढा खटाटोप करण्यापेक्षा हायड्रोजनचे सिलिंडरच का पाठवत नाहीत?

पारिजात

@बोरूबहाद्दर, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. वजनाने बघितलं तर हायड्रोजन बाजी मारतो, किलोला १२० मेगाज्यूल, रॉकेल ४३ च्या आसपास. पण ट्रकमध्ये जागा लागते. ७०० बार दाबाला दाबलेल्या हायड्रोजनच्या एका लिटरमध्ये पाच मेगाज्यूलसुद्धा नसतात, एका लिटर रॉकेलमध्ये ३४-३५ असतात. टाकीचं वजन वेगळंच. म्हणजे एका टँकरच्या जागी सात. आणि ताफ्यांचा आकडा वर दिलाच आहे. शिवाय जेपी-८ छावणीत आधीच येऊन पडलेलं असतं.

माजी_सिग्नलर

ताई, लेख वाचला. मी सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागात, चोवीस वर्षं होतो, त्यातली दोन टर्म लडाखमध्ये. आता साताऱ्यात शेती करतो. फ्युएल सेलमधलं मला काही कळत नाही, पण डीजी सेटबद्दल (डिझेल जनित्राबद्दल) दोन गोष्टी सांगू शकतो.

पहिली गोष्ट लोडची. आमच्या ठाण्यावर जनित्र होतं मोठं, कारण मागणी करताना सगळे उपकरण-हीटर धरून हिशेब केलेला. प्रत्यक्षात रात्री रेडिओ सेट, दोन दिवे आणि बॅटरी चार्जर. म्हणजे पाच माणसांच्या स्वयंपाकाला लग्नाची कढई चढवल्यासारखं. अशा कमी लोडवर इंजिन नीट तापतच नाही, अर्धवट जळलेलं डिझेल सायलेन्सरच्या जोडातून काळं, चिकट होऊन गळायचं. आम्ही त्याला "सेट रडतोय" म्हणायचो. मग इलाज काय, तर नको असताना हीटर लावून लोड वाढवायचा. तेल जाळायचं, कारण तेल कमी जाळलं तर सेट बिघडतो. त्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे सेट आधीच आपली पूर्ण ताकद देत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. थंडीत, वारा पडलेला असताना, रात्री आवाज किती लांब जातो हे मैदानातल्या माणसाला सांगून पटणार नाही. गस्तीवरून परतताना ठाणं दिसायच्या कितीतरी आधी आमचा सेट ऐकू यायचा. आम्हाला बरं वाटायचं, आलो घरी म्हणून. पण जो आवाज आम्हाला ऐकू यायचा तो दुसऱ्यालाही येतच असणार. रेडिओवर कान लावून बसलेल्या माणसाला तर सेट बंद झाल्यावर कळतं की इतका वेळ डोक्यात काय चाललं होतं.

पहाटे सेट सुरू करायचा म्हणजे आधी डिझेल पातळ करायला हवं. जेरीकॅन बुखारीजवळ (ऊब देणाऱ्या शेगडीजवळ), पण फार जवळ नाही, अशा अंतरावर ठेवायचा. ते अंतर जुना माणूस नव्याला हाताने दाखवून द्यायचा, पावलं मोजून. एका नवीन पोराने घाईत ते चुकवलं, कॅन फुगला, नशिबाने झाकण कोणीतरी वेळेत सैल केलं. तेव्हापासून मी स्वतः पावलं मोजायचो.

तेव्हा ताई, आवाज न करणारी आणि कमी लोडवर न रडणारी वस्तू कोणी देत असेल तर मी तिला हात जोडेन. फक्त एक सांगा, उणे तीसमध्ये ती सुरू होते का?

पारिजात

@माजी_सिग्नलर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "सेट रडतोय" हा शब्द माझ्याकडे नव्हता, आता कायमचा राहील.

थंडीचं खरं खरं सांगते. फ्युएल सेल एका जातीचा नसतो. ८० अंशांवर चालणारा पेम सेल (पॉलिमरच्या पातळ पडद्याचा) पटकन सुरू होतो, पण त्याच्या पडद्यात पाणी असतं, ते गोठू नये म्हणून बंद करताना वाळवावं लागतं. शिवाय त्याला कार्बन मोनॉक्साइड अजिबात सोसत नाही, दहा लाखांत दहा-वीस भाग झाले की तो गुदमरतो, आणि रॉकेलच्या रिफॉर्मरमधून तो वायू भरपूर निघतो. म्हणून मागे दोन-तीन शुद्धीकरणाचे टप्पे जोडावे लागतात. फॉस्फरिक आम्लाचा सेल दीडशे ते दोनशे अंशांवर चालतो, टक्काभर मोनॉक्साइड पचवतो, पण शुद्ध फॉस्फरिक आम्ल ४२ अंशांखाली घट्ट होतं. म्हणजे लडाख सोडा, पुण्यातही तो बंद असताना उबेत ठेवावा लागेल. घन ऑक्साइडचा सेल ७०० अंशांच्या वर चालतो, मोनॉक्साइड त्याला विष नाही तर इंधनच आहे, म्हणून रॉकेलशी त्याचं गोत्र सगळ्यात जास्त जुळतं. पण तो सिरॅमिकचा. घाईने तापवला तर तडकतो. गार अवस्थेतून वीज द्यायला तुमच्या डीजी सेटला मिनिटं लागत असतील, याला अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत लागू शकतात. त्यामुळे सोबत बॅटरी लागतेच, सुरुवात ती करते.

आणि विरळ हवा फ्युएल सेललाही जाचते. ऑक्सिजन कमी म्हणजे ब्लोअरला जास्त हवा ढकलावी लागते, आणि ब्लोअर आपल्याच विजेवर चालतो. यातलं काहीच फुकट मिळत नाही.

शंकेखोर

माफ करा, पण थोडं विरोधी लिहितो. अमेरिकेने यावर कित्येक वर्षं पैसा ओतला. कुठे आहेत ते रॉकेलवरचे फ्युएल सेल? सैन्य अजूनही डिझेल जनित्रंच विकत घेतं. जेव्हा तंत्रज्ञान "जवळजवळ तयार" अवस्थेत इतकी वर्षं राहतं तेव्हा ते सोडून द्यावं. सौर पॅनेल आणि लिथियम बॅटरी घ्या, गंधकाची कटकटच नको. दुसरं, गंधक इतकं नडतं तर रिफायनरीतच का काढत नाहीत? ट्रकमध्ये छोटी रिफायनरी बसवण्याचा हट्ट कशाला?

पारिजात

@शंकेखोर, टीका रास्त आहे, त्यामुळे नीट उत्तर देते.

अमेरिकेत नव्वदच्या दशकात लष्करी तळांवर २०० किलोवॅटचे फॉस्फरिक आम्लाचे तीस फ्युएल सेल बसवले गेले. इलिनॉयमधल्या शॅम्पेनच्या सैन्याच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेने तो कार्यक्रम सांभाळला. ते संच चालले. पण ते पाइपातून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालत होते. म्हणजे सेल तयार होता, खाणं स्वच्छ मिळालं की तो कामाला लागत होता. नौदलाने त्याच सुमारास जहाजावरच्या विजेसाठी वितळलेल्या कार्बोनेटचा ६२५ किलोवॅटचा संच विकसित करायला घेतला, तो नौदलाच्या डिझेलवर, म्हणजे एफ-७६ वर चालावा म्हणून. एफ-७६ च्या जुन्या मानकात गंधक टक्क्यापर्यंत चालत असे! वितळलेल्या कार्बोनेटचा सेल ६५० अंशांवर चालतो, उष्णता मुबलक, पण गंधक काढायला आधी उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करावी लागते. म्हणजे हायड्रोजन बनवण्यासाठी आधी हायड्रोजन हवा. तो आपल्याच उत्पादनातून परत फिरवायचा, त्यासाठी दाबयंत्र, त्यासाठी वीज, त्यासाठी जागा. सेलपेक्षा त्याच्या भोवतालचा बारदाना मोठा होत जातो. माझ्या मते ही तंत्रज्ञानं इथेच थकली. सेल थकला नाही.

रिफायनरीतच गंधक का काढत नाहीत? काढतात, आणि हीच या विषयातली सगळ्यात आशादायक गोष्ट आहे. ३,००० ही कमाल मर्यादा, प्रत्यक्षात बहुतेक जेपी-८ मध्ये गंधक त्याहून बरंच कमी असतं. पण लष्कर कमाल मर्यादेलाच हिशेब धरतं, कारण युद्ध कुठल्या देशात होईल आणि तिथल्या रिफायनरीतून काय मिळेल हे आधी ठरलेलं नसतं. जे यंत्र फक्त चांगल्या तेलावर चालतं ते नेमकं वाईट दिवशी बंद पडतं.

आता आपल्याकडे बघा. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ डिझेल आलं, गंधक दहा लाखांत फक्त १० भाग. आणि त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, पानिपत रिफायनरीचं, उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं आणि तेही बीएस-६ च्या मानकाचं. काका, तुमच्या वेळी हे असतं तर जेरीकॅनची पावलं मोजावी लागली नसती. ३,००० वरून शून्याकडे जाणं आणि १० वरून शून्याकडे जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. १० भाग गंधक उचलायला झिंक ऑक्साइडचा साधा थर पुरू शकतो. रिफॉर्मरमध्ये गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड होतो, तो झिंक ऑक्साइडला चिकटून झिंक सल्फाइड बनतं, थर भरला की डबा बदलायचा. म्हणून मला वाटतं की अमेरिकेने जिथे डोकं आपटलं तिथे आपल्याला आपटायची गरज नाही. भारतीय सैन्याचं डिझेल आज त्यांच्या तेव्हाच्या इंधनापेक्षा फ्युएल सेलसाठी कितीतरी सोपं आहे. पूर्ण धागा मी या एका मुद्द्यासाठी काढला असं म्हटलं तरी चालेल.

सौर आणि बॅटरीला विरोध नाहीच. लडाखमध्ये चुशूलला सुमारे ४,४०० मीटर उंचीवर एनटीपीसी आणि भारतीय सैन्याने मिळून २०० किलोवॅटचा सौर-हायड्रोजन मायक्रोग्रिड (छोटी स्थानिक वीजव्यवस्था) हाती घेतला, दिवसा उन्हाने हायड्रोजन बनवायचा आणि रात्री फ्युएल सेलमधून वीज घ्यायची. कायमच्या ठाण्याला हे उत्तम. पण जी तुकडी आज इथे आणि परवा तिकडे, तिच्या पाठीवर पॅनेलचं शेत नेता येत नाही.

खलाशी

पाणबुडीचा उल्लेख कसा नाही आला अजून? जर्मन २१२ए मध्ये पेम सेल आहेत, हायड्रोजन धातूच्या हायड्राइडमध्ये साठवतात आणि प्राणवायू द्रवरूपात. त्यांची यू-३२ २०१३ मध्ये १८ दिवस पाण्याखाली राहिली होती. साधी डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी दोन-तीन दिवसांत श्वासनळी वर काढते, आणि तोच तिचा पकडला जाण्याचा क्षण. फ्रेंच नेव्हल ग्रुपने तर पाणबुडीच्या डिझेलमधूनच हायड्रोजन काढणारी यंत्रणा जमिनीवर चालवून दाखवली. म्हणजे पारिजातताईंचा रिफॉर्मर समुद्राखाली.

अंबरनाथकर

खलाशीदादांच्या प्रतिसादाला जोडून. आमच्या अंबरनाथची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा (डीआरडीओची) याच कामात आहे. इथे दिशा वेगळी घेतली: सेल फॉस्फरिक आम्लाचा, पण डिझेल फोडायच्या भानगडीत न पडता हायड्रोजन सोडियम बोरोहायड्राइडपासून बोटीवरच तयार करायचा. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांसाठी ही यंत्रणा असलेला कप्पा बांधून बसवण्याचा सुमारे १,९९० कोटींचा करार माझगाव डॉकशी केला. अंबरनाथला तयार झालेली विद्या माझगावला बोटीत बसणार. स्टेशनवरून जाताना त्या बाजूला बघितलं की दरवेळी अभिमान वाटतो, लिहिल्याशिवाय राहवेना.

पारिजातताई, बोरोहायड्राइड का निवडलं असेल, तुमचं मत काय?

पारिजात

@अंबरनाथकर, मनापासून धन्यवाद. माझं मत: पाणबुडीत पाण्याला तोटा नाही आणि गंधक नको आहे. बोरोहायड्राइडची पाण्याशी क्रिया झाली की निघणाऱ्या हायड्रोजनपैकी निम्मा त्या पाण्यातलाच असतो. गंधक नाही, मोनॉक्साइड नाही, कार्बन डायऑक्साइडही नाही. डिझेल फोडलं की कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो खोल समुद्राच्या दाबाविरुद्ध बाहेर ढकलावा लागतो. बोरोहायड्राइडचा उरलेला बोरेटचा क्षार बोटीतच ठेवता येतो, त्यामुळे वजनाचा तोलही फारसा ढळत नाही. उलट बाजू अशी की बोरोहायड्राइड महाग आहे आणि कुठल्याही बंदरावर पंपातून मिळत नाही. डिझेल मिळतं. पाणबुडी ठरलेल्या बंदरात परत येते, तिला हे परवडतं. काकांच्या ठाण्याला परवडणार नाही.

वाळवंटात नेमकं उलटं होतं. वाफेवरच्या रिफॉर्मरला पाणी लागतं, आणि पाण्याचा टँकर म्हणजे पुन्हा ताफा. म्हणून सेलच्या धुरातली वाफ थंड करून तेच पाणी परत वापरतात. पण बाहेर ४८ अंश असताना वाफ थंड करायला भलामोठा रेडिएटर लागतो. माझ्या एका सहकाऱ्याचं पूर्ण वर्ष त्या रेडिएटरमध्ये गेलं.

शंकेखोर

बीएस-६ चा मुद्दा मला माहीत नव्हता. माझं "सोडून द्यावं" मागे घेतो, निदान भारतापुरतं. बॅटरीवाला मुद्दा कायम.

माजी_सिग्नलर

ताई, सगळं वाचलं, पुन्हा वाचीन. शेवटचा प्रश्न. डीजी सेट बिघडला तर आमचा मेकॅनिक पान्याने उघडायचा, फिल्टर झटकायचा, इंजेक्टर पुसायचा, आणि दहापैकी आठ वेळा सेट चालू व्हायचा. तुमचा सेट बंद पडला तर जवानाने काय करायचं? स्टोव्हला पिन होती. याला काय आहे?

पारिजात

काका, हा प्रश्न मला पीएचडीच्या तोंडी परीक्षेतही कोणी विचारला नव्हता.

काजळी धरली असेल तर इंधन बंद करून फक्त हवा आणि वाफ सोडायची, काजळी आतच जळून जाते. हे एका बटणावर ठेवता येतं, म्हणजे तीच पिन समजा. गंधकाचा डबा भरला की बदलायचा, हातमोजे घालून दहा मिनिटांचं काम. हवेचा फिल्टर नेहमीसारखा झटकायचा. पण उत्प्रेरकालाच विष लागलं असेल किंवा सिरॅमिक तडकलं असेल तर जागेवर काही करता येत नाही, पूर्ण खण बाहेर काढून नवा सरकवावा लागतो. तो खण दोन माणसांना उचलता आला पाहिजे.

माजी_सिग्नलर

दोन माणसांना त्या उंचीवर पंचवीस किलोच्या वर उचलायला लावू नका. आणि डब्याचं झाकण जाड हातमोज्यांनी फिरेल असं करा.

पारिजात

लिहून घेतलं, काका. फळ्याच्या त्याच कोपऱ्यात.